फ्यूज ऊर्फ हवालदार

११ जानेवारी, रविवार

आठव्या दिवशी पाणी आलं. हौदात मी बसवलेला सेन्सर पहिल्यांदाच वेळेवर बोलला. सकाळी सहा दहाला हॉलमधल्या स्पीकरनं "हौदात पाणी येत आहे" असं जाहीर केलं आणि फ्यूज भुंकत थेट अंगणात. ह्यांनी पांघरुणातूनच विचारलं, "बाई काय म्हणतायत?" स्पीकरला हे 'बाई' म्हणतात. जन्मभर शाळेत इतिहास शिकवलेला माणूस. "बाई, जरा दिवा लावता का" असं अदबीनं सांगतात आणि बाई ढिम्म. मग उठून बटण दाबतात आणि माझ्याकडं बघतात. टेलिफोन खात्यात तीस वर्षं तारा जोडल्या, पण या दोघांचं काही जुळवता आलं नाही.

फ्यूजला घरी आणून आज तीन वर्षं. पहिल्याच दिवशी प्लास्टरचा पाय ओढत जाऊन एक्स्टेंशनची वायर चावली, घरभर अंधार केला, म्हणून फ्यूज. दरवर्षीसारखी त्याची गोष्ट घरगुती उपकरणांवरच्या माझ्या ब्लॉगवर पुन्हा टाकली. नवा फोटो जोडला. गेटपाशी बसलेला, डावा कान अर्धा तुटका, मागचा उजवा पाय तिरका.

गोष्ट माझ्या वाचकांना पाठ आहे. अजिंठ्याहून येताना सिल्लोडच्या अलीकडं चहाला थांबलो, हा रस्त्याकडेच्या चरात पडलेला, पाय मोडलेला, गळ्यात तुटलेली नायलॉनची दोरी. 'ज्यानं याला पाळलं आणि गरज संपल्यावर रस्त्यावर सोडून दिलं, त्याला माणूस म्हणायचं का?' हे वाक्य लोकांना फार आवडतं. खरं सांगायचं तर मलाही.

१२ जानेवारी, सोमवार

ती पोस्ट कुणीतरी व्हॉट्सॲपवर सोडली आहे. खाली माझं नाव नाही. ह्यांच्या पेन्शनरांच्या ग्रुपवरही आली. एकानं खाली लिहिलं, 'कुणी लिहिलंय माहीत नाही, पण डोळ्यांत पाणी आलं.' मी म्हटलं, सांगा की बायकोनं लिहिलंय. म्हणाले, "राहू दे."

संध्याकाळी तिळाचे लाडू. हात भाजला.

१३ जानेवारी, मंगळवार

ब्लॉगवर एक नवीन प्रतिक्रिया. सिल्लोडकडच्या एका गावातले शाळामास्तर. 'मॅडम, या कुत्र्याचे मालक आमच्या गावात आहेत. त्यांना आपल्याशी बोलायचे आहे. कृपया फोन नंबर मिळावा.'

हे म्हणाले फसवणूक असेल. लंगड्या गावठी कुत्र्यावरून कोण कुणाला फसवणार? नंबर मेलवर पाठवला आणि मग दिवसभर चिडचिड. आता उगवला मालक, तीन वर्षांनी! पायात सळई घालायची होती तेव्हा कुठं होता? लशी, जंताचं औषध, फटाक्यांत कपाटामागं लपतो तेव्हा शेजारी बसणं, हे कोण करत होतं? असं बरंच काही मनात पाठ करून ठेवलं.

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत.

दुपारी फोन आला. पाठ केलेलं सगळं वाया गेलं.

"ताई, मी बशीर बोलतोय. मास्तरांनी नंबर दिला. तुमच्याकडं जे कुत्रं हाये ना, कान तुटका, ते हवालदार हाये."

"कोण हवालदार?"

"त्याचं नाव. आमच्या मक्यात रानडुकरं येतात. डुकरानंच कान तोडला त्याचा."

मी तोंड उघडणार तेवढ्यात म्हणाले, "मास्तरांनी वाचून दाखवलं. लई चांगलं लिहिलंय. फक्त एक हाये. मी सोडला नाय त्याला, ताई. गावात सगळ्यांच्या फोनवर आलंय, सगळे वळखतात त्याला. तेवढी ओळ पुसा. मेहेरबानी होईल."

मग सांगितलं. ते मोटरसायकलवर शेतातून निघाले होते, रस्त्याला लागले आणि उसाच्या ट्रॉलीनं उडवलं. लोकांनी जीपमध्ये टाकून नेलं. हवालदार शेतात बांधलेला होता. दोरी तोडून जीपच्या मागं पळाला, असं बघणारे सांगतात. बशीरभाई दोन महिने दवाखान्यात. घरी आले तेव्हा कुत्रं नाही. "लई शोधला. मला वाटलं, गेला गाडीखाली."

म्हणजे ती दोरी.

शेवटी विचारलं, "जेवतो का नीट?"

म्हटलं, हो, मशीन आहे, दोन वेळा आपोआप खाणं पडतं.

"मशीन देतं?" मग म्हणाले, "बरं हाये की."

मला वाटत होतं आता मागतील, आता मागतील. कुत्रं मागितलंच नाही. तीळगूळ घ्या गोड बोला म्हणाले आणि फोन ठेवला.

१५ जानेवारी, गुरुवार

ओळ पुसली. दोन मिनिटांचं काम. 'माणूस म्हणायचं का' पण काढलं. त्या जागी लिहिलं, 'तो कुणाचा होता, कसा तिथं आला, कळलं नाही.'

हेही खोटंच. ब्लॉगवर कधी लिहिलं नाही, निदान इथं लिहिते. त्या दिवशी चहावाला म्हणाला होता, "कुणाच्या तरी शेतातलं असंल." हे म्हणाले, "जवळपास विचारू या." मी म्हटलं, चला, पाय बघा त्याचा, उशीर होतोय. उशीर होत होता हे खरं. पण खरं कारण वेगळं. मी त्याला मांडीवर घेतलं होतं, तो थरथरत होता आणि तेवढ्यात तो माझा झाला होता. विचारलं असतं तर कुणीतरी हो म्हटलं असतं.

दोन महिने तो माणूस दवाखान्यात आणि मी इकडं त्याच्या निर्दयपणावर लिहीत बसले. लाज वाटते.

१६ जानेवारी, शुक्रवार

बशीरभाईंनी मास्तरांच्या फोनवरून आवाज रेकॉर्ड करून पाठवला आहे. मागोमाग निरोप, 'ताई, एकदा त्याला ऐकवाल का. जमलं तर.'

ऐकला नाही अजून. हौदाचं झाकण धुतलं, इन्व्हर्टरमध्ये डिस्टिल्ड वॉटर घातलं, बाईंचं सॉफ्टवेअर अपडेट केलं. आज घरातली सगळी कामं झाली.

१७ जानेवारी, शनिवार

हे बागेत फिरायला गेले तेव्हा लावला. हॉलमधल्या स्पीकरवर, मोठ्यानं.

आधी वाऱ्याचा आवाज. मग, "हाऽलेऽ... हवालदाऽर... आवऽ आवऽ आवऽ."

फ्यूज सोफ्यावर झोपला होता. उठला. स्पीकरजवळ गेला, वास घेतला, टेबलाच्या मागं जाऊन बघितलं. तिथून दाराकडं. दार उघडलं तर गेटपर्यंत गेला, रस्त्यावर दोन्हीकडं बघितलं. परत आला आणि स्पीकरसमोर बसला. मग त्याच्या गळ्यातून एक आवाज निघाला. भुंकणं नाही, रडणंही म्हणता येणार नाही. तीन वर्षांत मी तो ऐकला नव्हता. मी पुन्हा लावला नाही. तो तिथंच बसून राहिला.

सातला मशीनमधून खाणं पडलं. त्यात मीच रेकॉर्ड केलेलं आहे, "फ्यूज, जेवायला ये." मान वळवली नाही.

ह्यांना सांगितलं, पोट बिघडलंय त्याचं.

मास्तरांच्या नंबरवर लिहिलं, 'ऐकवला. विशेष काही केलं नाही त्यानं.'

अर्ध्या तासानं उत्तर. बशीरभाईंचाच आवाज. "बरं. तीन वर्षं झाली ताई. विसरला आसंल. तुमच्याकडं सुखात हाये, लई झालं."

१८ जानेवारी, रविवार

सकाळी जेवला. पण स्पीकरच्या टेबलाखाली झोपतो आहे. सोफा सोडला.

ब्लॉगसाठी हौदाच्या सेन्सरवर लिहायला घेतलं. चार ओळी झाल्या. आपल्याला किती छान समजावून सांगता येतं असं वाटायचं मला.

२० जानेवारी, मंगळवार

ह्यांनी चहा घेताना फोन माझ्यासमोर ठेवला. शनिवारची क्लिप. हॉलच्या कॅमेऱ्यातली. हालचाल झाली की कॅमेरा आपोआप तुकडा रेकॉर्ड करतो आणि दोघांच्या फोनवर कळवतो. हे मीच जोडलेलं. ह्यांना ते ॲप उघडता येत नाही, अशी माझी समजूत होती.

"येतं मला," म्हणाले. "बागेत बाकावर बसलो की रोज उघडतो. तो कसा झोपलाय ते बघतो."

तीन वर्षं. मला पत्ता नाही. मी ब्लॉगवर ह्यांची किती टिंगल केली आहे, तंत्रज्ञानाशी शत्रुत्व वगैरे.

"त्या माणसाला तू काय कळवलंस?"

सांगितलं.

कप खाली ठेवला. म्हणाले, "चहावाल्याच्या वेळी मी गप्प बसलो. मलाही तो हवाच होता. पण आता नाही बसणार."

चिडले मी. म्हटलं, तुम्हाला काय, तुम्ही बाकावर बसून बघणार, त्याचं सगळं करते मी. हे अन्यायाचं होतं. रात्री त्याला अंगणात नेणारे हेच. पण बोलून गेले.

२१ जानेवारी, बुधवार

अबोला. बाईंशी मात्र दोघंही बोलतो आहोत.

२३ जानेवारी, शुक्रवार

फोन केला. मास्तरांच्या नंबरवर. त्यांनी फोन शेतावर नेऊन बशीरभाईंना दिला. मी सरळ म्हटलं, बशीरभाई, मी खोटं सांगितलं. त्यानं आवाज ओळखला. तुम्हाला शोधत गेटपर्यंत गेला. जेवला नाही.



"रडू देऊ नका त्याला, ताई," एवढंच म्हणाले. मला एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

त्यांना येता येत नाही. पायात रॉड आहे, एसटीच्या पायऱ्या चढवत नाहीत. म्हटलं, रविवारी आम्हीच येतो त्याला घेऊन. नुसतं भेटायला. 'नुसतं भेटायला' मी दोनदा म्हटलं.

ह्यांनी गाडीत हवा भरून आणली. अबोला मिटला, न बोलताच.

२५ जानेवारी, रविवार. आल्यावर लगेच लिहितेय.

फुलंब्री गेलं तरी मागच्या सीटवर झोपलेला. सिल्लोड मागं पडलं आणि उठून बसला. काचेला नाक. तो चहाचा गाडा अजून तिथंच आहे. त्याच्यापासून बशीरभाईंचं शेत किती लांब असावं? चालत दहा मिनिटं. दहा मिनिटं चालले नव्हते मी.

बांधाला लिंबाखाली बाज, बाजेवर बशीरभाई. साठीचे, पांढरी दाढी, बाजेला काठी टेकवलेली. आम्हाला बघून उठायला लागले. हाक मारली नाही त्यांनी, तेवढं मी बघितलं. दार उघडलं आणि फ्यूज पडत-धडपडत, तीन पायांवर, चौथा ओढत, मक्याच्या कडेनं पळाला आणि बाजेवर चढून त्यांच्या मांडीत तोंड घातलं. तोच आवाज. पण आज कुठं काही शोधत नव्हता.

बशीरभाईंनी त्याचा तिरका पाय हातात घेऊन बघितला, मग आपला पसरला. दोघांचाही उजवाच. हे ब्लॉगवर लिहिलं तर लोक म्हणतील बाईनं रचलंय.

भाभींनी चहा आणला. बशीरभाईंच्या बायको. कमी बोलणाऱ्या. येताना ज्वारीची अख्खी भाकरी घेऊन आल्या, लांबूनच त्याच्यापुढं टाकली आणि तोंडाला पदर लावून उभ्या राहिल्या. "घरात नाय घेत आम्ही कुत्र्याला," मला म्हणाल्या, "पण चुलीवरची पहिली भाकर ह्याची. तीन साल तशीच करत होते. मग शेजारच्याच्या कुत्र्याला टाकायचे." फ्यूजनं दोन पायांत धरून, फाडून खाल्ली. माझ्याकडं तो वाटीत मोजून पडलेल्या गोळ्या खातो.

मका निम्मा आडवा झालाय. हवालदार गेल्यापासून डुकरांसाठी सोलरचं झटका मशीन लावलंय, शेताभोवतीच्या तारेत करंट सोडायचं. तेही महिनाभर बंद. मी म्हटलं, बघू. ह्यांनी न विचारता गाडीतून पेचकस आणि टेस्टर आणून दिला. बॅटरीच्या टोकांवर हिरवा गंज चढलेला, पॅनेलकडून येणारी वायर उंदरानं कुरतडलेली. अर्ध्या तासाचं काम. टकटक सुरू झाली. बशीरभाई म्हणाले, "हा होता तवा मशीन लागत नव्हतं." मग लगेच, "नाय, मशीन पण चांगलं हाये. तुम्ही मेहनत केली."

चार वाजले. बशीरभाईच म्हणाले, "न्या ताई. तिकडं गादीवर झोपतो, डॉक्टर हाये. इथं उघड्यावर. मला आता त्याच्यामागं पळता येत नाय." ह्यांनी गाडीचं दार उघडलं. फ्यूज आला, चाकाचा वास घेतला, परत बाजेकडं गेला. पुन्हा आला. पुन्हा गेला. तिसऱ्या वेळी निम्म्या वाटेत मातीत बसला आणि दोन्हीकडं बघायला लागला.

मी म्हटलं, "राहू दे आठ दिवस."

माझ्याच तोंडून कसं आलं कळत नाही. येताना घरून ठरवून निघाले होते, काही झालं तरी गाडीत घालून आणायचं. आणि मग, "मी एक कॅमेरा लावून जाते. सोलरचा, सिमवर चालतो, दोन्हीकडून बोलता पण येतं. डुकरांवर लक्ष राहील."

"डुकरांवर," हे म्हणाले. भाभी हसल्या. डुकरांसाठी नाही हे सगळ्यांना कळलं होतं. ब्लॉगसाठी म्हणून घेतलेला जादा कॅमेरा डिकीत होताच. तो डिकीत का घातला होता, ते माझं मला ठाऊक नाही.

निघालो तेव्हा तो गाडीमागं पळाला नाही. उभा राहून बघत होता. पळाला असता तर मी थांबले असते का? ह्यांनी फुलंब्रीपर्यंत आरशात बघायचं टाळलं.

२६ जानेवारी, सोमवार

मशीन बंद करायला विसरले. सकाळी सात वाजता माझाच आवाज, "फ्यूज, जेवायला ये." गोळ्या पडल्या. कुणी आलं नाही. तो आवाज मी इतक्या आनंदानं रेकॉर्ड केला होता की आता ऐकवत नाही.

दुपारी हे पेपर वाचता वाचता म्हणाले, "बाई, फ्यूज कुठं आहे हो?" तीन वर्षांत बाईंनी पहिल्यांदा ह्यांचं ऐकलं. "माफ करा, मला ते समजलं नाही," म्हणाल्या. ह्यांनी पेपर तोंडासमोर धरला तो बराच वेळ खाली घेतला नाही.

२८ जानेवारी, बुधवार

कॅमेरा नीट चालतो. फ्यूज सकाळी सहापासून बांधाबांधानं चक्कर मारतो. लंगडत, पण ऐटीत. इथं हा स्पीकरच्या आवाजाला भुंकायचा, तिथं खऱ्या कामाला भुंकतो. बशीरभाई बाजेवरून बोट दाखवतात आणि हा तिकडं जातो. डुकरं आली नाहीत म्हणे. झटका मशीनमुळं की ह्याच्यामुळं, कुणास ठाऊक. मशीनमुळं असावं, म्हणजे तो तिथं लागणार नाही, अशी माझी इच्छा असायला हवी. तशी नाही.

बोलायचं बटण दाबत नाही. दाबणार नाही असं ह्यांना सांगितलं आहे. आपला आवाज ऐकवून त्याला दोन्हीकडून ओढायचं नाही.

सेटिंगमध्ये हालचालीची सूचना 'फक्त महत्त्वाची' अशी करून ठेवली होती. दुपारी परत 'सगळी' केली.

३१ जानेवारी, शनिवार

आज ब्लॉगवर सगळं लिहिलं. दोरी, जीप, दहा मिनिटांचं अंतर. चहावाला काय म्हणाला ते. मी बशीरभाईंना काय खोटं कळवलं ते. ह्यांनी वाचून एकच दुरुस्ती सुचवली. मी लिहिलं होतं 'आम्ही विचारलं नाही'. म्हणाले, "आम्ही नको, मी लिही. म्हणजे तू 'मी' लिही. माझं मी पुढं वेगळं लिहितो." आणि खाली प्रतिक्रियेत खरंच स्वतःच्या नावानं लिहिलं, 'मीही विचारायला हवे होते. मलाही तो हवा होता.' ह्यांची आयुष्यातली पहिली प्रतिक्रिया. टाइप करायला पाऊण तास.

बाकी वाचक दोन गटांत. तीन वर्षं तुम्ही सांभाळलं, तो तुमचाच. मूळ मालकाला द्या. उपकरणंवाले गप्प. एका बाईंनी विचारलंय, 'मग आता त्याला सोडून आलं कोण?'

ती प्रतिक्रिया काढली नाही.

२ फेब्रुवारी, सोमवार

आठ दिवस काल संपले. बशीरभाईंचा फोन नाही. मीही केला नाही. दोघंही एकमेकांना घाबरून आहोत, असं मला वाटतं.

एक बघितलंय. रोज चारच्या सुमाराला तो काम सोडतो आणि रस्त्याकडच्या बांधावर जाऊन बसतो. कॅमेऱ्याकडं पाठ, तोंड रस्त्याकडं. ह्यांना दाखवलं. म्हणाले, "जुनी सवय असेल. जीप गेली ना त्याच रस्त्यानं."

म्हटलं, आपण चारलाच निघालो होतो.

ह्यांनी फोन हातात घेऊन ते पुन्हा बघितलं.

३ फेब्रुवारी, मंगळवार

पाणी आलं. सेन्सर बोलला. कुणी भुंकलं नाही. हौद भरून वाहिला तरी आम्हाला कळलं नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार. सव्वाचार.

आत्ता फोन वाजला. कॅमेऱ्याची सूचना. उघडलं तर बशीरभाई काठी टेकत कॅमेऱ्याच्या खांबाखाली येऊन उभे. नेमकं कुठं बघून बोलायचं ते कळत नव्हतं, सोलर पॅनेलकडं बघून बोलले.

"ताई, ऐकू येतंय का? तुमच्या भाभीनं सांगितलं की फोन लावा, पण म्हटलं, तुम्ही इथंच बघत आसाल." मग काठीनं बांधाकडं दाखवलं. "परवापासून भाकरीला तोंड लावलं नाय त्यानं. दिवसभर ठीक आसतो. तुमच्या गाडीच्या टायमाला बांधावर जाऊन बसतो, अंधार पडंपर्यंत. मी तुम्हाला माझा आवाज ऐकवायला लावला होता ना. आता तुम्ही तुमचा ऐकवा. काय करतो बघू. मी इथंच हाये. जे हुईल ते तुम्हाला खरं सांगतो."

टोमणा नव्हता त्यात. मी आवाज लहान-मोठा करून तीनदा ऐकलं, तरी नव्हता.

बटण दाबून एवढंच म्हटलं, "बशीरभाई, पाच मिनिटं द्या," आणि तेही इतकं हळू की बांधापर्यंत जाऊ नये. ते मान हलवून बाजेवर जाऊन बसले.

त्यानं वळून बघितलं नाही तर तो तिथला, आणि मला ते सोसायचं आहे. धावत आला तर इतक्या वर्षांनी परत मिळालेला कुत्रा त्या माणसासमोर एका खांबाकडं धावत येणार. ते तर मुळीच सोसणार नाही. आणि तरी मला तेच हवं आहे. हेही लिहून ठेवते.

ह्यांना विचारलं, हाक काय मारू? फ्यूज की हवालदार?

म्हणाले, "काहीही मार. आवाज तुझाच जाणार आहे."

चष्मा लावून शेजारी येऊन बसलेत. फोन त्यांच्या हातात. बोट माझं.

एरवी झाल्यावर लिहिते. आज आधी लिहितेय, कारण झाल्यावर मला सोयीचं करून लिहायची सवय आहे. वही उघडीच ठेवते, खाली जागा सोडून. काय झालं ते बशीरभाई सांगतील तसंच, त्यांच्या शब्दांत उतरवायचं, असं ह्यांच्यासमोर कबूल केलं आहे.

तो अजून बांधावर बसलाय. पाठमोरा. तुटका कान दिसतोय.

हे म्हणतात, चल आता, माणूस थांबलाय.